आजीचा हातचा

कार्तिकी पौर्णिमेला बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला पाय ठेवायला जागा नसते. मांजरसुंब्यापासूनच गाड्या हळू होतात. बालाघाटाच्या डोंगरात उतरत जाणाऱ्या रस्त्यावर पालख्या, टाळ, भस्माचे पट्टे ओढलेली कपाळे, आणि खाली मन्मथस्वामींची समाधी. मराठवाड्यातले लिंगायत भाविक तर येतातच, कर्नाटकातून आणि तेलंगणातूनही येतात. त्यामुळे नारळाच्या एकाच दुकानासमोर तीन भाषांत मोजणी चालते. मराठी माणूस म्हणतो पंचवीस. कानडी भाविक म्हणतो इप्पत्तैदु. तेलुगू म्हणतो इरवै ऐदु.

या तीन शब्दांत एक भांडण दडले आहे आणि ते रोज संध्याकाळी बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत वहीवर उमटते. कानडीत आणि तेलुगूत आधी ‘वीस’ ऐकू येते, मग ‘पाच’. अंकांत लिहितानाही आधी दोन, मग पाच. मराठीत मात्र आधी ‘पंच’ कानावर पडते आणि ‘वीस’ मागून येते. दुसरीतले पोर ऐकते तसे लिहिते: आधी पाच, मग दोन. झाले बावन्न. घरातले मोठे माणूस वहीवर टिचकी मारून म्हणते, ‘लक्ष कुठंय तुझं?’

लक्ष तिथेच असते. त्याने कानाशी इमान राखलेले असते, एवढाच त्याचा गुन्हा.

एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ ही मंडळी आणखी अवघड. ‘एकोण’ म्हणजे एक उणे. म्हणजे संख्या नुसती वाचायची तरी मुलाने आधी वजाबाकी करायची, तीही अजून न शिकलेली. ‘एकोणसाठ’ म्हटले की कानात ‘साठ’ वाजते, हात सहा लिहून मोकळा होतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ वेळा हा नियम पाळून मराठी नव्व्याण्णवला तो सोडून देते, आणि शंभराला एक उणे असे काही म्हणत नाही. मोठ्यांना हे खटकत नाही कारण ते पाठ झालेले आहे. इंग्रजी शाळेतल्या मुलांच्या घरात तर आणखी वेगळी गंमत. पोरगी विचारते, ‘बाबा, एकोणचाळीस म्हणजे किती?’ आणि बाबा सांगतात, ‘थर्टी नाईन.’ प्रश्न मिटला असे दोघांनाही वाटते.

हे दुखणे कुणी ओळखले नव्हते असे नाही. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’, ‘बावीस’बरोबर ‘वीस दोन’ असे वाचन दिलेले लोकांनी पाहिले आणि महाराष्ट्र खवळला. मराठीचा खून झाला इथपासून थट्टेपर्यंत सगळे झाले. विधानसभेत अजित पवारांनी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वर विनोद केला, सभागृह हसले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर वाहिन्यांवर आणि वर्तमानपत्रांतून शांतपणे सांगत राहिल्या की जुने शब्द काढलेले नाहीत, नवे फक्त शेजारी ठेवले आहेत, आणि दक्षिणेतल्या भाषांत अशीच मोजणी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या आणि ‘गणितगप्पा’ लिहून पोरांशी गणित बोलणाऱ्या या बाईंना मराठी कळत नाही, असेही काहींनी म्हणून घेतले. २०२३ च्या जुलैमध्ये त्या गेल्या. वाद त्याच्या कितीतरी आधी विझला होता.

तो गदारोळ जरा जास्तच झाला होता. नॉर्वेच्या संसदेने १९५१ साली हाच बदल सबंध देशासाठी केला. तिथेही ‘पाच आणि वीस’ असे मोजत. टेलिफोनचे आकडे सांगताना घोळ होतो म्हणून ‘वीस-पाच’ म्हणायचे ठरले. देश बुडाला नाही आणि भाषाही नाही. अनेक नॉर्वेजियन घरांत अजून जुनीच मोजणी चालते. मराठीत ‘बावीस’ राहिला असता आणि ‘वीस दोन’ ही त्याच्याकडे जाणारी पायरी झाली असती. पायरीवर उभे राहून कुणी तिला घर म्हणत नाही.

पण तो वाद होता पुस्तकाचा. पुस्तक शाळेत असते, शिक्षक समोर असतो. खरी पंचाईत गृहपाठाची आहे, कारण तो घरी जातो, आणि घरी कोण आहे याचा विचार गृहपाठ देणारे क्वचितच करतात.

बीड जिल्ह्यात तर हा प्रश्न कॅलेंडरवर लिहिलेला आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. २०२४ साली कार्तिकी पौर्णिमा १५ नोव्हेंबरला होती आणि सरकारने गाळप हंगामासाठी ठरवलेली तारीखही तीच. कपिलधारला यात्रा भरत असताना त्याच जिल्ह्यातली कितीतरी घरे बिऱ्हाड बांधत होती. जी मुले आईबापांबरोबर जातात त्यांची शाळा फडातच बुडते. जी मागे राहतात ती आजी-आजोबांजवळ. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. नाव वसतिगृह असले तरी बहुतेक ठिकाणी मूल नातेवाइकांकडेच राहते आणि गावातल्या केंद्रावर जेवते. जेवणाचा प्रश्न त्याने सुटतो. संध्याकाळी सात वाजता ‘उदाहरणे सोडवा, पान ४३’ हा प्रश्न आजीच्या मांडीवर येतो.

इथे बहुतेकांचे मत असे की आजी निरक्षर, तेव्हा ती काय शिकवणार. हे मत तपासून पाहायला हवे.

समजा उदाहरण आहे ५२ वजा २७. तिसरीतली नात उत्तर लिहिते ३५. तिने काय केले हे उघड आहे: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केले. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. ही चूक बीडची नाही, जगभरातली आहे. अमेरिकेत जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा अभ्यास मांडला. त्यातून दिसले की मुले बहुधा अंदाजपंचे चुकत नाहीत. मनाशी एक नियम धरतात आणि तो इमानाने पाळतात, फक्त नियम वाकडा असतो. म्हणून वहीवर लाल फुली मारून हाती काही लागत नाही. ‘हे कसं काढलंस, सांग बरं’ एवढे विचारले तर वाकडा नियम पोराच्याच तोंडून बाहेर येतो, आणि निम्म्या वेळा सांगता सांगता ते थबकते.

हा प्रश्न विचारायला दहावी पास असावे लागत नाही. उलट ज्याला उत्तर ठाऊक नाही तोच तो खऱ्या कुतूहलाने विचारतो.

आता तेच उदाहरण आजीला तोंडी घाला. बावन्न रुपये होते, सत्तावीस खर्चले. आजी बोटे मोजते: ‘सत्तावीसवर तीन, झाले तीस. वीस घातले, पन्नास. वर दोन. तीन, वीस आणि दोन… पंचवीस राहिले.’ दुकानदार मोड परत देताना हेच करतो. कागदावर मांडले तर यात हातचा नाही, उसना नाही, खाडाखोड नाही. वजाबाकी म्हणजे दोन संख्यांमधले अंतर, हा अर्थ तेवढा उघडा पडतो. पाठ्यपुस्तकाला जो संबोध समजावायला पानभर चित्रे लागतात तो आजीच्या बोटांवर असतो. फक्त ते गणित आहे हे तिला कुणी सांगितलेले नसते, आणि नातीलाही.

आजोबा शाळेत गेलेले असले तर भानगड वेगळी. ते म्हणतात, ‘बारातून सात गेले पाच, हातचा एक. दोन आणि हातचा एक तीन. पाचातून तीन गेले दोन.’ हातचा खालच्या संख्येत मिळवला. शाळेत बाईंनी शिकवलेले असते की वरच्या पाच दशकांतला एक दशक सुटा करायचा, पाच खोडून चार लिहायचे. नात रडवेली होते, ‘बाईंनी असं नाही सांगितलं.’ आजोबा चिडतात, ‘आमच्या वेळी असंच होतं.’ दोघांचेही उत्तर पंचवीस. दोन्ही रीती बरोबर आहेत. आजोबांच्या रीतीत दोन्ही संख्यांत दहा-दहा मिळवलेले असतात, वर सुटे म्हणून आणि खाली दशक म्हणून. फरक तोच राहतो, जसा आजी आणि नातीच्या वयातला फरक दहा वर्षांनीही तोच राहणार. पण हे आजोबांना कुणी समजावले नव्हते. त्यांना ‘हातचा’ पाठ करून दिला गेला होता. भांडण दोन पिढ्यांचे दिसते, खरे तर ते कारण न सांगता रीत शिकवण्याचे आहे, आणि आजची शाळाही त्यात फार मागे नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि तो शिक्षकांच्या हातात आहे. पालकसभेत वीस मिनिटे काढून ‘आम्ही वजाबाकी अशी शिकवतो’ हे काड्यांचे गठ्ठे घेऊन दाखवायचे. दहा काड्यांचा गठ्ठा सोडला की दशक सुटा झाला. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत गठ्ठे आणि मण्यांच्या माळा असतातच. त्या कपाटाबाहेर काढून आजोबांच्या हातात द्यायच्या.

मदत करणारा माणूस धास्तावलेला असेल तर मदतीचाच अपाय होतो, हेही पाहण्यात आलेले आहे. एरिन मलोनी, सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या ४३८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पालकांना स्वतःला गणिताची भीती होती आणि जे गृहपाठात वारंवार मदत करत होते, त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि जास्त घाबरली. तेच घाबरट पालक कमी मदत करत होते तिथे हा परिणाम दिसला नाही. मराठीत ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशी छत्तीसचा आकडा असतो. गणिताशी तो आकडा असलेल्या बापाने दहावीत गणितात किती मार्क पडले होते हे न आठवता वहीजवळ बसणे अवघड आहे. अशा बापाने वही बाजूला सारून पोराला किराणा आणायला बरोबर नेलेले परवडले. आजीला ही धास्ती नसते. ती गणिताच्या पेपरात कधी नापास झालेलीच नाही.

मात्र आजीवर सगळे सोपवून शाळेने हात झटकावेत असे कुणी समजू नये. बाजारातले गणित आपोआप वहीत उतरत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुले त्यांनी पाहिली. वेगवेगळ्या भावाच्या दोन वस्तूंचा हिशेब आणि परत द्यायची मोड ती मुले तोंडी, बिनचूक करत होती. शाळेच्या पद्धतीने मांडलेली साधी उदाहरणे दिली की अडखळत होती. उलट शाळेत जाणारी मुले कागदावर बरी आणि बाजारातल्या हिशेबात कच्ची. दोन गणिते, मध्ये पूल नाही. हा पूल बांधायचे काम शाळेचे आहे, आणि गृहपाठ हे त्याचे स्वस्तातले साहित्य आहे.

दरम्यान कागदावरची हालत काय आहे? ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत स्वयंसेवक घरी जाऊन मुलाला हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार करायला देतात. २०२४ च्या पाहणीत देशभरच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी ३३.७ टक्क्यांना वजाबाकी जमली, पाचवीतल्या ३०.७ टक्क्यांना भागाकार. २०२२ पेक्षा हे आकडे वर आले आहेत. तरी तिसरीतल्या तीन मुलांपैकी दोघे ५२ वजा २७ शी अडतात, आणि त्यांच्या दप्तरात रोज त्याच जातीची दहा उदाहरणे घरी जातात. न येणारी गोष्ट दहा वेळा न येऊन काय होणार?

सरकारी कागद याबाबत शहाणा आहे. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीला गृहपाठच नको असे म्हटले आहे, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्यात फार तर दोन तास. यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षणाची भाषा १९९३ सालीच केली होती. पण गावातल्या पालकालाही वही भरलेली दिसली की शाळा चालू आहे असे वाटते. शिक्षकही बिचारा काय करील? गृहपाठ दिला नाही तर ‘गुरुजी काही शिकवत नाहीत’ ही तक्रार शाळा व्यवस्थापन समितीपर्यंत पोहोचते.

तेव्हा गृहपाठ राहणारच असेल तर तो घरात कोण आहे ते पाहून दिला पाहिजे. ऊसतोडीच्या पट्ट्यात घरात आजी आहे. तिच्याजवळ काय आहे? पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आहेत. सव्वाशे, पावणेदोनशे, अडीच हजार असे आकडे ती सहज बोलते, आणि ‘पावणेदोनशे’ या एका शब्दात १७५ कसे बसतात हे समजले की पोराला स्थानिक किंमत आणि अपूर्णांक एकाच वेळी भेटतात. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. ती घोकंपट्टी परत आणा असे कुणी म्हणू नये, पण ते शब्द घरात जिवंत आहेत तोवर वापरून घ्यावेत. पुढच्या पिढीत ‘वन सेव्हंटी फाइव्ह’ येईल आणि ‘पावणेदोनशे’ शब्दकोशात जाईल.

ऊसतोडीच्या भाषेत तर अपूर्णांकाचा धडाच पडलेला आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. टोळीत चौदा माणसे तर कोयते किती, साडेसात कोयत्यांची टोळी तर माणसे किती, हे बीडच्या चौथीतल्या पोराला विचारायला पिझ्झाचे तुकडे काढायची गरज नाही. माणसाला अर्धा म्हणणारी ही मोजणी क्रूर आहे, हेही त्या पोराला एक दिवस कळेल. गणिताच्या तासाला ते कळायला हरकत नसावी.

डोळ्यांसमोरच्या जगातून उदाहरणे काढणे नवे नाही. गणिती भास्कराचार्यांनी आपले गाव विज्जडविड असे सांगितले आहे. ते बीड असावे असे काही अभ्यासकांनी सुचवले. बरेच जण ते खानदेशात पाटणच्या आसपास शोधतात. वाद जुना आहे आणि बीडकरांचा कल कुठे असणार हे सांगायला नको. पण त्यांची ‘लीलावती’ पाहावी. ११५० च्या सुमाराच्या या ग्रंथात भुंगे आहेत, कमळे आहेत, सापावर झडप घालणारा मोर आहे, धान्याचे आणि फळांचे भाव आहेत. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचे जग उचलून त्यावर गणित बसवलेले. नऊ शतकांनी कपिलधारच्या पोरासाठी उदाहरण लिहिताना तिथला धबधबा, नारळाचे दुकान आणि ऊस घ्यायला काय अडचण आहे?

एक उदाहरण असेच. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. समजा एका कोयत्याने हंगामाआधी टोळीच्या मुकादमाकडून एक लाख रुपये आगाऊ उचल घेतली. किती टन तोडले की उचल फिटेल? पाचवीतल्या पोराला हा भागाकार लांबलचक वाटेल, त्याने हवे तर शंभर टनांपासून सुरुवात करावी. शंभर टनांचे ३६,६००. दोनशेचे ७३,२००. आजी शेजारी बसून म्हणेल, अजून पाऊणशे तरी लागतील. २७३ टनांचे होतात ९९,९१८ रुपये. ८२ रुपये राहतात. वहीत या ८२ ला ‘बाकी’ म्हणतात आणि मुकादमाच्या डायरीतही ‘बाकी’च म्हणतात. त्यासाठी २७४ वा टन. खाडे अजून धरलेले नाहीत.